पाहुण्यांच्या नावाचा जीव

‘या भूमीने जगाला एक नवा जीव दिला आहे.’

हे वाक्य संगमरवरावर कोरायचं होतं. ते आमचे विभागप्रमुख डॉ. वसेकर यांनी स्वतः रचलं होतं आणि टाईप करून माझ्याकडे पाठवलं होतं, शिळा कोरणाऱ्या कारागिराला समजावून सांगायला. कारागिराने कागद दोनदा वाचला.

"मॅडम, जीव म्हंजी कोणता? गाय-बैल असंल तर बाजूला चित्र काढून देतो. तेवढंच शोभंल."

"चित्र नको."

"मोर असंल तर मोरबी येतो मला."

"मोर नाही. पिवळा, चिकट लगदा आहे."

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि कागदाची घडी खिशात घातली.

त्या वाक्याखाली आणखी एक ओळ होती. तीत त्या जीवाचं शास्त्रीय नाव होतं. आमच्या नव्या डीएनए प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला जे पाहुणे यायचे होते, त्यांच्या नावाला लॅटिन शेपूट लावून ते तयार केलेलं होतं. पाहुणे मंत्री नव्हते, पण होण्याच्या बेतात होते. डॉ. वसेकरांचा अंदाज असा की, ते झाले की प्रयोगशाळेला दुसरा मजला मिळेल.

ही चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीची गोष्ट. मी तेव्हा परभणीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय त्या संक्रांतीला व्हायचा होता. जिल्ह्यात जागोजागी पोलीस बसलेले होते. एका नावासाठी माणसांनी काय काय सोसलं, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. डॉ. वसेकर मात्र नावं सढळ हाताने वाटत.

आता हा जीव कोणता, ते सांगते. इंग्रजीत त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात. मराठीत श्लेष्मबुरशी म्हणतात, पण तो बुरशी नाही. वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही. पावसाळ्यात जंगलात कुजणाऱ्या ओंडक्यावर एक पिवळा लगदा दिसतो. सकाळी पाहिला तर ओंडक्याच्या या टोकाला असतो, संध्याकाळी त्या टोकाला. त्याला पाय नाहीत, तोंड नाही, पण तो सरकतो आणि खातो. समोर जे खाण्याजोगं येईल त्याच्या अंगावर पसरतो आणि त्याला आत घेतो. ही आत घेण्याची सवय लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

माझी विद्यार्थिनी शोभा कच्छवे या जीवावर पीएच.डी. करत होती. पेडगावची मुलगी, घरी थोडी शेती. येलदरी धरणापासून जिंतूरपर्यंतच्या डोंगरात जी थोडी झाडी शिल्लक आहे, तिथल्या स्लाइम मोल्डच्या जाती किती, हे तिला डीएनएवरून शोधायचं होतं. डोळ्यांनी पाहिलं तर सगळे लगदे सारखेच पिवळे. आम्ही पहिल्यांदा डोंगरात गेलो तेव्हा सोबतच्या वनरक्षकाने लांबूनच सांगितलं होतं, "मॅडम, हितं कुणीतरी पिठलं सांडलंय." शोभाने ते पिठलं चमच्याने डबीत भरलं, तेव्हा तो दहा पावलं मागे सरकला.

डीएनएचं काम थोडक्यात असं. लगदा रसायनात विरघळवायचा आणि त्यातला डीएनए वेगळा काढायचा. तो फार थोडा असतो, म्हणून पीसीआर नावाच्या मशीनमध्ये घालून त्याच्या प्रती काढायच्या. हे एक प्रकारचं झेरॉक्सच, फक्त चार-पाच तास चालणारं. मग त्या प्रती जेलीच्या एका पातळ वडीत, म्हणजे जेलमध्ये, विजेच्या झोताने पळवायच्या. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. खास दिव्याखाली पाहिलं की शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा दिसतात. त्यांना बँड म्हणतात. दोन नमुन्यांच्या शिड्या सारख्या असतील तर जात एक. वेगळ्या असतील तर विचार करायचा.

आमचं मशीन परदेशातून आलं होतं. ते आल्याच्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, पुढे नारळ फोडला. नारळाचं पाणी स्टॅबिलायझरवर उडालं आणि पहिला आठवडा दुरुस्तीत गेला. प्रती काढायला लागणारं एन्झाईम हैदराबादहून बर्फाच्या थर्मासमध्ये रेल्वेने यायचं. गाडी लेट झाली की बर्फाचं पाणी व्हायचं. म्हणून जे नीट पोचेल ते आम्ही केशरासारखं वापरत असू.

शोभाच्या शिड्या पावसाळा संपल्यावर दिसायला लागल्या. त्या पाहून विभागात खळबळ उडाली. येलदरीचे, जिंतूरचे, सगळे नमुने एकमेकांशी जुळत होते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने तुलनेसाठी पाठवलेला त्याच प्रकारचा नमुना मात्र त्यांच्याशी जुळत नव्हता. आमच्या प्रत्येक नमुन्यात पाच ठसठशीत बँड होते, पुण्याच्या नमुन्यात त्यांचा पत्ताच नव्हता.

"याचा अर्थ कळतो का मॅडम?" डॉ. वसेकर फोटो हातात धरून म्हणाले. "आपल्या डोंगरात जे आहे ते जगात कुठेच नाही."

"जगात नाही हे अजून कळलेलं नाही, सर. पुण्यात नाही एवढं कळलंय."

"पुण्यात नाही म्हणजे झालंच की," सर म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी पाहुण्यांना पत्र लिहिलं.

शोभाच्या दृष्टीने यात बरंच काही अडकलेलं होतं. तिची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. वसमतच्या एका कॉलेजात तिची निवड झाली होती, पण जागा मिळायची ती मार्चच्या आत प्रबंध सादर झाला तरच. प्रबंधावर विभागप्रमुखांची सही लागते. आणि विभागप्रमुखांनी तिला सांगून ठेवलं होतं, "शेवटचं प्रकरण नव्या जातीवर. ते आलं की माझी सही."

आता खाण्याकडे येते. जंगलातून आणलेला लगदा काचेच्या मोठ्या बशीत, ओल्या टीपकागदावर, अंधाऱ्या कपाटात जगवावा लागतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याला ओट्स घाला. तेव्हा परभणीत ओट्स म्हटलं की दुकानदार घोड्याचं औषध आहे का विचारायचा. डॉ. वसेकरांनी बैठकीत जाहीर केलं, "आपण स्थानिक पर्याय वापरू. ज्वारी." ज्वारीची भरड लगद्याला मानवली. प्रकल्पाच्या अहवालात सरांनी ‘स्वदेशी खाद्याचा यशस्वी वापर’ असा एक परिच्छेदच घातला. ज्वारी शोभाच्या घरून, पेडगावहून यायची. आमचे लॅब अटेंडंट विश्वनाथअप्पा ती जात्यावर भरडून डब्यात भरत. अप्पा निवृत्तीला आलेले, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. बशीतल्या लगद्याला ते ‘पाहुणा’ म्हणत. खरे पाहुणे ठरल्यावर मी त्यांना हा शब्द जरा जपून वापरायला सांगितलं.

संक्रांतीच्या सुमाराला शोभा गावी गेली आणि अडकली. बंदोबस्तामुळे एस.टी. बंद होत्या. ती परत आली तेव्हा डॉ. वसेकर तिची वाटच पाहत होते. उद्घाटनाच्या स्मरणिकेसाठी त्यांना बँडचा नवा, स्वच्छ फोटो हवा होता. जुन्या फोटोवर स्टुडिओवाल्याचा अंगठा उमटला होता. आमचे रोल तोच धुवायचा, लग्नाच्या रोलांसोबत.

शोभाने कपाटातल्या बशांमधून नवा डीएनए काढला, मशीन लावलं, जेल चालवली. आणि मला बोलवायला आली.

"मॅडम, बघता का जरा? हे काय व्हायलंय मला कळंना."

मी पाहिलं. शिडी स्वच्छ होती, पण वेगळीच होती. आमचे ते पाच ठसठशीत बँड गायब. त्यांच्या जागी भलतेच चार.

"नमुना कुठला?"

"तोच, मॅडम. येलदरीचा. एकच लगदा दोन बशांत वाटून ठेवलाय आपण, त्यातलाच. डिसेंबरात चालवला होता तेव्हा पाच होते."

डॉ. वसेकर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी फोटो उजेडात धरला. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसेल असं मला वाटलं होतं. दिसला तो आनंद.

"दुसरी जात!" ते म्हणाले.

"सर, लगदा तोच आहे," शोभा म्हणाली.

"एकाच ओंडक्यावर दोन जाती राहत असतील. एक आधी दिसली, एक आता दिसली. मॅडम, शिळेवर जागा आहे का?"

"कारागिराला विचारावं लागेल."

"विचारा. दुसऱ्या जातीला पाहुण्यांच्या सौभाग्यवतींचं नाव देऊ."

ते गेले. शोभा स्टुलावर बसली. मी तिला विचारलं, "तू नव्हतीस तेव्हा बशांचं कोण बघत होतं?"

"अप्पा."

अप्पा बाहेर व्हरांड्यात नळ्या धूत होते. मी त्यांना आत बोलावलं.

"अप्पा, शोभा गावाला होती तेव्हा पाहुण्याला काय खाऊ घातलंत?"

"उपाशी न्हाई ठेवलं मॅडम. सणाचं कुणाला उपाशी ठेवत असतेत का?"

"पण घातलं काय?"

"डबा रिकामा झाला हुता. कच्छवेबाई गावाला. मग आमच्या घरून आणलं. भोगी हुती न्हवं? भोगीला घरात बाजरीचंच पीठ मळतेत. तीच बाजरी भरडून टाकली." मग जरा अभिमानाने म्हणाले, "लय आवडली त्याला. सगळी बशी भरून टाकली की त्यानं."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या भाज्या एकत्र केलेली भाजी असते. ज्वारीची भाकरी वर्षभर असते, पण भोगीला नाही. हा नियम कुठल्या ग्रंथात लिहिलेला नाही. तरी तो कुणी मोडत नाही, आणि अप्पा तर नाहीच.

अप्पा गेल्यावर शोभाने कपाटातली बशी काढून उजेडात धरली. मग म्हणाली, "मॅडम, तो दाणे आत घेतो."

"हो."

"मग आपण त्याला विरघळवतो तेव्हा दाणेबी विरघळतेत."

"हो."

"म्हंजे पाच बँड ज्वारीचे. आन् चार बाजरीचे. पुण्यावाल्यांनी ज्वारी घातलीच न्हाई, म्हणून त्यांच्यात पाच न्हाईत."

"असं वाटतंय," मी म्हणाले. "वाटणं आणि असणं यात एक जेल आहे."

ही जेल कोणती, ते सोपं आहे. लगदा वगळायचा आणि नुसत्या ज्वारीचा डीएनए काढून चालवायचा. नुसत्या बाजरीचाही. याला कंट्रोल म्हणतात. जी गोष्ट सिद्ध करायची आहे ती सोडून बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि बघायचं, काही दिसतं का. दिसलं तर आपण सिद्ध काहीच केलेलं नसतं. हा कंट्रोल पहिल्याच महिन्यात व्हायचा होता. पण एन्झाईम अपुरं पडलं, आणि विभागीय बैठकीत सरांनी तो ‘अनावश्यक’ या सदरात टाकला होता. ज्वारी आपल्याला ओळखीची आहे, ती काय तपासायची, असं त्यांचं म्हणणं.

अडचण अशी की थर्मासमध्ये एन्झाईम आता एकाच खेपेपुरतं उरलं होतं. नवा थर्मास उद्घाटनानंतर यायचा होता. सरांनी ती खेप स्मरणिकेच्या फोटोसाठी राखून ठेवायला सांगितली होती. दोन्ही ‘जाती’ शेजारी शेजारी, म्हणाले होते, पाहुणे आणि सौभाग्यवती.

"काय करू?" शोभाने विचारलं.

"मी सांगितलं तर तो माझा प्रयोग होईल. प्रबंध तुझा आहे."

"सर सही नाही करायचे."

"शक्य आहे."

"वसमतची जागा जाईल."

"तेही शक्य आहे. आणि तू फोटो दिलास तर सही होईल, जागाही मिळेल. मग कुणीतरी त्या जीवाला दुसरं काहीतरी खाऊ घालेल. तेव्हा शिळेवर पाहुण्यांचं नाव असेल आणि प्रबंधावर तुझं."

ती उठली. डब्यात ज्वारी नव्हतीच. पण तिच्या पिशवीत आईने दिलेली सहा-सात किलो होती, पुढच्या महिन्याच्या खाद्यासाठी. त्यातली मूठभर घेतली. बाजरी अप्पांकडून मागवली. नळ्यांवर खुणा केल्या. पहिलीत येलदरीचा जुना डीएनए, दुसरीत नुसती ज्वारी, तिसरीत बाजरी खाल्लेला लगदा, चौथीत नुसती बाजरी. स्मरणिकेचा फोटो बाजूला राहिला.

मशीन सकाळी लावलं. दुपारी दीडला लाईट गेली. वीज गेली की चाललेली खेप वाया जाते. स्टॅबिलायझरशेजारी उसनी आणलेली बॅटरी होती. ती किती वेळ तग धरेल ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि ज्याने उसनी दिली त्यालाही माहीत नव्हतं. शोभा मशीनसमोर बसून राहिली. मी तास घ्यायला वर्गात गेले. परत आले तेव्हा पंखा फिरत होता आणि ती तशीच बसलेली होती.

"टिकली," म्हणाली.

संध्याकाळी जेल दिव्याखाली धरली. पहिल्या आणि दुसऱ्या रांगेत पाच ठसठशीत बँड होते, एकाच रेषेत. फूटपट्टी लावायचीही गरज नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या रांगेत चार. शोभा हसली नाही आणि रडलीही नाही. तिने फोटो काढला, रोल कॅमेऱ्यातून काढला आणि म्हणाली, "ह्याच्यावर त्याचा अंगठा उमटू देणार न्हाई मी." स्टुडिओत ती स्वतः उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉ. वसेकरांच्या केबिनमध्ये गेलो. ते भाषण पाठ करत होते.

"आला फोटो? छान. यात पाहुणे कोणते?"

"हे सर," शोभाने पहिल्या रांगेवर बोट ठेवलं.

"आणि शेजारी?"

"ज्वारी."

"ज्वारी कुठे?"

"ही, सर. दुसरी रांग. आमच्या शेतातली."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "या दोन्ही सारख्याच दिसतात."

"हो सर."

"फोटो उलटा तर नाही ना धुतला?"

"उलटा केला तरी सारख्याच दिसतेत, सर."

"आणि दुसरी जात?"

"बाजरी, सर. भोगीची."

बाहेर मांडववाले खांब ठोकत होते. मग सर माझ्याकडे वळले. "मॅडम, हे उद्घाटनानंतर उजेडात आलं असतं तर?"

"आपण पुण्याला आपला लगदा पाठवलाय, सर. ते त्याला ओट्स घालतील. मग आपले पाच बँड तिथे दिसणार नाहीत, आणि ते आपल्याला पत्र लिहितील."

"कधी घालतील?"

"घालून झाले असतील."

डॉ. वसेकरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना समारंभ आवडत, पण अपमान झेलण्यापेक्षा समारंभ लहान करणं त्यांना परवडत असे. त्यांनी भाषणाची दोन पानं काढून ड्रॉवरमध्ये टाकली. मग शोभाला म्हणाले, "शेवटच्या प्रकरणाचं काय?"

"नवी जात नाही, सर. पण खाद्यामुळे डीएनए कसा फसवतो, त्यावर लिहिता येईल. लगद्याला दोन दिवस उपाशी ठेवलं की तो आतलं सगळं टाकून पुढं सरकतो. मग त्याचा डीएनए स्वच्छ येतो."

"खाद्याची सूचना कुणाची होती, ते लिहावं लागेल?"

"‘स्थानिक धान्य’ एवढंच लिहीन, सर."

त्यांनी मान हलवली. सही त्यांनी फेब्रुवारीच्या शेवटी केली, पेन दोनदा झटकून. शोभा वसमतला रुजू झाली. उपाशी ठेवलेल्या लगद्यांनी पुढे एक साधी गोष्ट सांगितली. आमच्या डोंगरातला जीव पुण्याच्या जीवापेक्षा वेगळा नव्हता. तो जगात बहुतेक सगळीकडे असतो. येलदरीच्या दोन शेजारच्या ओंडक्यांवरचे लगदे मात्र, दिसायला सारखे असूनही, आतून थोडे वेगळे निघाले. विविधता म्हणतात ती एवढीच सापडली. तिच्यासाठी कुणी शिळा कोरली नाही.

जी कोरली होती ती मात्र भिंतीत बसवून झाली होती. गवंडी म्हणाला, काढली तर अर्धा गिलावा खाली येईल. मग वरचं वाक्य आणि खालचं नाव यांवर पांढऱ्या ऑईलपेंटचा हात मारला. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी पडदा सारला तेव्हा त्यांना तारीख आणि बराचसा कोरा संगमरवर दिसला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीनला हार घातला. पुढे ते मंत्री झाले नाहीत आणि दुसरा मजलाही झाला नाही.

या प्रकरणातून मी एक धडा घेतला, तो पुढे प्रत्येक वर्गाला सांगितला. नव्या जीवाचा शोध लागला असं वाटलं, तर आधी त्याने काल काय खाल्लं ते विचारा.

ऑईलपेंट दोन पावसाळ्यांत उडाला. वाक्य आता स्वच्छ वाचता येतं, नावही. जानेवारीचा शेवट म्हणजे आमच्याकडे कोवळ्या ज्वारीचे दिवस. उद्घाटनानंतर पाहुण्यांना शोभाच्या वडिलांच्या शेतात नेलं होतं. शिळेवर ज्या पाच बँडांच्या जीवाला त्यांचं नाव दिलेलं आहे, त्याचा त्यांनी त्या दुपारी हुरडा खाल्ला. दोनदा मागून घेतला.